दुसऱ्या मजल्यावरचे तडे

१ फेब्रुवारी, रविवार

काम फत्ते. आठ वर्षांचा सगळा पसारा जुन्या मॅकच्या डिस्कवरून नव्या लिनक्स सर्व्हरवर आणून ठेवला. सकाळी आठला बसलो तो साडेचारला उठलो. शेवटी दोन्हीकडच्या फाइली मोजल्या. आकडा तंतोतंत जुळला. आमच्या ऑफिसात लोक जुन्या इमारतींचे तडे मोजत हिंडतात, त्यांची कौतुकं होतात. ते तडे जपून ठेवणारा मी, माझी आठवण फक्त काही बिघडलं की होते.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, मनातलं कुणाशी तरी बोलत जा. वही घेतली. वही बोलणं मधेच तोडत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जुनी डिस्क पुसून टाकली. साहेबांची परवानगी घेऊनच. कॅमेऱ्याच्या कार्डांचाही नियम पुन्हा सगळ्यांना बजावला: फोटो सर्व्हरवर चढवले की कार्ड त्याच दिवशी रिकामं करायचं. नाहीतर एकाच इमारतीचे चार ठिकाणी चार संच होतात आणि खरा कुठला ते देवालाही सांगता येत नाही. नियम माझाच, सहा वर्षांपूर्वीचा. सगळे कुरकुरतात, पण पाळतात.

सर्व्हरच्या खोलीत सकाळपासून स्वेटर घालून बसलोय. दुपारचा डबा इथेच खातो, वहीही इथेच लिहितो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल लिहिणाऱ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आत येत नाहीत, त्यांना थंडी सोसत नाही.

"त्या चार मजली इमारतीच्या फोल्डरमध्ये दुसरा मजला नाही. तिसराही नाही. जिनाही नाही."

"बाकी?"

"पहिल्या मजल्यावरचे तडे आहेत, चौथ्या मजल्यावरचे आहेत, गच्ची आहे. मधलंच नाही."

इमारत तपासली होती माझ्या मेहुण्यांनी. बायकोचे थोरले भाऊ; घरात सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ऑफिसात त्यांना फूटपट्टी म्हणतात, कारण टेप लावल्याशिवाय ते एकही फोटो काढत नाहीत. तीस जानेवारीला, म्हणजे जुनी डिस्क चालू असतानाच, त्यांनी सगळं चढवलं, असं ऑफिसच्या नोंदवहीत त्यांच्या सहीने लिहिलंय.

बाई म्हणाल्या, "फोल्डर उघडलं की क्षणभर काहीतरी दिसल्यासारखं होतं. मग जातं."

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चेष्टेनं म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

माझ्या मॅकवर बघितलं. नाही. मग थेट सर्व्हरवर गेलो. तिथल्या काळ्या पडद्यावर आपली लिपी धड उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात, म्हणून यादी वाचण्यात अर्थ नव्हता. 'दुसऱ्या मजल्यावरचे तडे' असं अक्षर न अक्षर टाइप करून शोध लावला. शून्य. 'तिसऱ्या'. शून्य. 'पायऱ्या'. शून्य. 'पहिल्या' टाकलं तर लगेच सापडलं. म्हणजे शोध चालतोय, फाइली नाहीत. आणि एक तारखेला आकडा जुळला होता, म्हणजे माझ्या हातून काही सांडलेलं नाही. तिथे नव्हतंच, तर येणार कुठून?

११ फेब्रुवारी, बुधवार

दादांना बोलावलं. ते जिना चढून आले आणि दम लागला म्हणून दाराला टेकून उभे राहिले. एकसष्टाव्या वर्षी गुडघे गेलेत.

"भावोजी, मी ठेवलंय. वरून खालपर्यंत सगळं ठेवलंय. दुसरा, तिसरा, पायऱ्या. मोजून एकशे चौदा फोटो."

"सर्व्हरवर नाहीत."

"मग कुठे गेले?"

"ते मी कसं सांगू? कार्डावर असतील तर द्या."

"कार्ड पुसलं. तुमचाच नियम ना."

मग ते म्हणाले, "फाइलींचं राहू द्या. जिना वाईट आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सांधा सुटलाय, बोट जातं आत. ते आधी इमारतीच्या मालकाला लेखी कळवायला सांगा साहेबांना."

विषय कसा बदलावा ते यांच्याकडून शिकावं.

त्या इमारतीचा नकाशा काढून बघितला. मागच्या बाजूला सामानाची लिफ्ट आहे. ती थांबते फक्त पहिल्या आणि चौथ्या मजल्यावर. एवढं कळल्यावर मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. लिफ्टने पहिला केला, लिफ्टने चौथा केला, गच्ची एक जिना वर. मधले मजले आणि पायऱ्या कोण चढणार?

लिहायला बरं वाटत नाही, पण हे पहिल्यांदा होत नाहीये. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका गोदामाचा तक्ता घरी बसून भरला होता. त्या आठवड्यात वहिनी दवाखान्यात होत्या, त्यातून त्या उठल्या नाहीत, हे खरं. पण तक्ता तो तक्ता. तेव्हा साहेबांपुढे मी हमी घेतली होती म्हणून नोकरी राहिली. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी.

अहवालाच्या बाई आज पुन्हा आल्या होत्या. दुसऱ्या एका इमारतीतली 'कोपऱ्यातली ओल' नावाची फाइल सापडत नाही म्हणे. त्या इमारतीचा तपासनीस वेगळा आहे. तुम्हीच कुठेतरी हलवली असेल, असं सांगून वाटेला लावलं. एक वाटी फुटली की सगळ्या भांड्यांचा आवाज यायला लागतो लोकांना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी दार लावून घेतलं. "एकच विचारतो. फाइली होत्या आणि गेल्या, की नव्हत्याच?"

"नव्हत्याच."

"लिहून द्याल?"

"देतो."

चार ओळींचं पत्र. 'सदर फाइली सर्व्हरवर कधीही ठेवल्या गेल्या नाहीत, असे तांत्रिक तपासणीत आढळले.' सही केली. माझा मेहुणा म्हणून मी हात आखडता घेतला असं उद्या कुणी म्हणायला नको. किंबहुना मेहुणा आहे म्हणूनच जास्त काटेकोर राहिलो.

मी जिन्याचं सांगितलं साहेबांना, नाही असं नाही. ते म्हणाले, फोटो नाही, माप नाही, कळवायचं काय? नऊ मार्चला दुसरा माणूस पाठवून पुन्हा तपासू.

दादांना आजपासून घरी बसवलं. टेबल आवरताना त्यांनी माझ्या खोलीकडे पाहिलं नाही. टेप तेवढी खिशात घातली. ती ऑफिसची होती, पण मी बोललो नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

घरात अबोला. सकाळी चहा समोर ठेवून बायको म्हणाली, "तीस तारखेला संध्याकाळी दादा इथे आला होता. तुम्ही यायच्या आधी."

"मग?"

"गुडघ्याला शेक घेत बसला होता तासभर. चार मजले दोनदा चढलो म्हणाला. एकदा बघायला, एकदा मोजायला."

"म्हणाला."

"खोटं कशाला बोलेल? तेव्हा तर कुणी काही विचारलंही नव्हतं."

बहीण आहे, ती असंच म्हणणार. मी म्हटलं, अगं, यंत्राला नातं कळत नाही. तिथे आहे तर आहे, नाही तर नाही.

ती म्हणाली, "यंत्राला नाही कळत. तुम्हाला?"

मी चहा तसाच ठेवून बाहेर चक्कर मारून आलो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोकडून कळलं, दादा त्या इमारतीत दोनदा जाऊन आले. रहिवाशांना सांगत होते, दुसऱ्या मजल्याचं वळण टाळा, मागच्या लिफ्टने चौथ्यावर जा आणि तिथून खाली उतरा. मालकाने ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र आमच्या साहेबांकडे जमा आहे. हाकलून दिलं त्यांना. या वयात शोभतं का हे? चोरी पकडली गेल्यावर माणूस जरा जास्तच देवळात जातो, त्यातला प्रकार.

४ मार्च, बुधवार

जिना पडला.

सकाळी साडेसहाला. दुसऱ्या मजल्याचा वळणाचा टप्पा खाली आला. तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक नर्स ड्यूटीवर निघाली होती. दोन्ही पाय आणि कंबरेचं हाड मोडलंय. जिवंत आहे. बत्तीस वर्षांची आहे.

ऑफिसात कुणी जागेवर नव्हतं, सगळे उभे होते. मी सर्व्हरच्या खोलीत येऊन बसलो. काय करायचं ते सुचेना म्हणून पंख्यांवरची धूळ पुसली.

६ मार्च, शुक्रवार

सरकारी चौकशी लागली. एक बाई आहेत, कमी बोलतात. साहेबांनी त्यांच्यापुढे माझं पत्र ठेवलं. नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं पत्र म्हणजे आपल्या सगळ्यांची छत्री आहे." आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

न तपासता तपासलं अशी सही केली म्हणून दादांवर गुन्हा नोंदवणार. मला झोप येत नाही, पण ते साहजिक आहे. घरातलाच माणूस आहे शेवटी.

बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. आज म्हणाली, "मीठ संपलंय." एवढंच दिवसभरात.

११ मार्च, बुधवार

कसं लिहू?

चौकशीच्या बाईंनी फोल्डरची छापील यादी मागितली होती. माझा प्रिंटर बिघडलेला, म्हणून आवक-जावकच्या बाईंकडे गेलो. टपालाची नोंद ठेवणाऱ्या, दाराशेजारी बसतात. अख्ख्या ऑफिसात विंडोजचं यंत्र त्यांच्याकडे एकच उरलंय, कारण टपालाचा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही. त्या फोल्डरांमध्ये त्यांचं काही काम नसतं.

त्यांनी इमारतीचं फोल्डर उघडलं आणि विचारलं, "सगळंच छापायचं? पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, गच्ची, पायऱ्या?"

मी म्हटलं, "दुसऱ्या नाहीये त्यात."

"आहे की. हे काय."

होतं. 'दुसऱ्या मजल्यावरचे तडे'. 'तिसऱ्या मजल्यावरचे तडे'. 'पायऱ्या'. ओळीने, पिवळी फोल्डरं. तारीख तीस जानेवारी.

"तुम्हाला हे कधीपासून दिसतंय?"

"मला कायम दिसतंय. कुणी विचारलंच नाही. काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं की हो तुमचं." आणि हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. पाणी आणून दिलं.

'पायऱ्या' उघडलं. टेप लावलेली. सांध्यात चौदा मिलिमीटर. शेजारी दादांचा अंगठा.

१२ मार्च, गुरुवार

कळलं. इतकं छोटं आहे की सांगायची लाज वाटते.

आपला अर्धा र. दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, कोपऱ्यातली. हे अक्षर यंत्राला दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकतर एकच सबंध अक्षर म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखाली वेगळा ठिपका असे दोन तुकडे करून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. जुनी मॅकची डिस्क नावं तुकडे करून ठेवायची. मी ती जशीच्या तशी उचलून लिनक्सवर ओतली. लिनक्सला काय, तुम्ही द्याल ते तो ठेवतो. आमचे मॅक मात्र आता सबंध अक्षराने मागतात. सर्व्हर म्हणतो, या नावाचं माझ्याकडे कुणी नाही. म्हणून क्षणभर दिसायचं आणि जायचं. विंडोज यादीत जसं आहे तसंच मागतं, त्यामुळे त्याला मिळायचं. मी शोध टाइप केला तोही सबंध अक्षरानेच. पहिल्या आणि चौथ्या यांत हे अक्षरच नाही.

दोष कुठल्याच यंत्राचा नाही. नावं आणताना ती एका तऱ्हेची करून घ्यायची असतात. एक जास्तीची सूचना द्यायची असते. मी दिली नाही. फाइली मोजल्या, नावं पाहिली नाहीत.

अहवालाच्या बाईंनी सांगितलं होतं, क्षणभर दिसतं. 'कोपऱ्यातली ओल' हेही सांगितलं होतं. ती इमारत दादांची नव्हती.

साहेबांना सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"आवक-जावकच्या बाईंनी बघितलं. पण त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नाही."

"मग ऐका. फाइली होत्या असं निघालं, तर तीस जानेवारीपासून धोका आपल्याला माहीत होता असा अर्थ होतो. नव्हत्या, तर एका माणसाने काम चुकवलं, एवढंच राहतं. मॅकवर दिसत नाहीत ना? मग नकोत दिसायला."

"तो माणूस माझा मेहुणा आहे."

"पत्र तुमचंच आहे," साहेब म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही.

१५ मार्च, रविवार

तीन दिवस काही केलं नाही. स्वतःला सांगत होतो की नीट खात्री करून घेतोय. खात्री गुरुवारीच झाली होती.

नोकरी जाईल, नाव जाईल, कदाचित मीच आरोपी होईन. आणि ती नर्स काही परत जिना चढायची नाही, मी सांगो न सांगो. हे सगळं मनात आलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दुपारी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत हात थांबला नाही. मग म्हणाली, "मला का सांगताय?"

"तू माझी बायको आहेस म्हणून."

"मला सांगून तुमचं ओझं उतरेल. दादाचं काय उतरणार?" निवडलेली भाजी तशीच ठेवून उठली आणि बॅग भरायला लागली. फार नाही, चार कपडे. "त्याला जेवायला करून घालणारं कुणी नाही तिथे. मी जाते."

"परत कधी येशील?"

"तुम्ही तांत्रिक तपासणी करा. कळेल."

१६ मार्च, सोमवार

सकाळी साडेआठला, कुणी यायच्या आत, सगळी नावं एका तऱ्हेची करून टाकली. एका ओळीची आज्ञा. अख्ख्या सर्व्हरला मिनिटसुद्धा लागलं नाही. आधी सगळं होतं तसं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं, मूळ तारखांसकट.

नऊ वाजता अहवालाच्या बाई आल्या, यंत्र उघडलं, आणि मला बाहेरून त्यांचा नुसता श्वास ऐकू आला. त्या दारापाशी आल्या. या वेळी आत आल्या, थंडीत उभ्या राहिल्या.

"हे आधीपासून होतं?"

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

त्या आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डिस्क घेऊन चौकशीच्या ऑफिसात नेऊन दिली, पोच घेतली. परत आलो तर माझं ओळखपत्र दाराला चालेना. स्वेटर आत राहिला. आवक-जावकच्या बाईंनी तो बाहेर आणून दिला, घडी घालून.

२४ मार्च, मंगळवार

आज जबाब होता. घरी येऊन लिहितोय, रिकाम्या घरात, दुपारचे चार वाजलेत.

चौकशीच्या बाईंनी अक्षराचं सगळं नीट समजून घेतलं. दोनदा विचारलं, कागदावर काढून दाखवा म्हणाल्या. मी दाखवलं. मला वाटलं, अवघड भाग संपला.

मग त्यांनी माझं तेरा फेब्रुवारीचं पत्र पुढे ठेवलं.

"तुमच्या शोधात फाइली सापडल्या नाहीत, हे समजलं. पण तुम्ही लिहिलंय, 'कधीही ठेवल्या गेल्या नाहीत'. सापडल्या नाहीत आणि ठेवल्याच नाहीत, यात फरक आहे. हे दुसरं तुम्ही कशावरून लिहिलं?"

मी आकड्याचं सांगितलं. लिफ्टचं सांगितलं.

"आकडा जुळला याचा अर्थ काही हरवलं नाही. फाइली असत्या तरी आकडा जुळलाच असता. आणि लिफ्टचं सर्व्हरशी काय नातं?"

मी म्हणालो, "मेहुण्यांचा स्वभाव मला माहीत होता."

त्यांनी ते लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "साक्षीदाराने आपल्या निष्कर्षाचा आधार म्हणून नातेवाइकाच्या स्वभावाचा उल्लेख केला. बरोबर?"

"बरोबर."

"इथे सही करा."

केली.

बाहेर बाकावर दादा आणि बायको बसले होते. दादांचा जबाब माझ्यानंतर होता, पण आतून निरोप आला, आता गरज नाही, तुमच्यावरचा आरोप काढून घेतलाय. दादांनी ऐकलं आणि नुसती मान डोलावली. बायकोने डोळ्यांना पदर लावला, मग मी समोर आहे हे बघून हात खाली घेतला.

मी पुढे झालो. "दादा, माझं चुकलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या भिंतीकडे बघतात तसं, कुठून सुरुवात झाली असेल ते शोधत.

"भावोजी, त्या वळणाच्या फोटोत टेप नीट दिसते? प्रकाश कमी होता तिथे."

"दिसते."

"आकडा वाचता येतो?"

"चौदा मिलिमीटर."

"हां. मला तीच काळजी होती." ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "त्या पोरीच्या वकिलाला उपयोगी पडेल."

बायकोने त्यांचा हात धरला. दोघं जिना उतरायला लागली, एकेक पायरी, भिंतीच्या कडेने. मी वरच उभा होतो. दोघांपैकी कुणीही मला चला म्हणालं नाही.